दोन लिफ्टचा कॉम्प्युटर

३ फेब्रुवारी

कॉम्प्युटरच्या मालकीणबाईंस,

हे पत्र बापाचं नाही, एका तक्रारदाराचं आहे असं समजून वाच. दोन वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही, आणि आताही लिहिली नसती. पण तू मागे ठेवून गेलेला कॉम्प्युटर बिघडलाय, आणि ज्याची वस्तू त्याला कळवायला हवं.

त्याचा पंखा दिवसभर घोंघावतो. माझा कान कसा आहे तुला ठाऊक आहे. तळमजल्यावर लिफ्टच्या दारात उभं राहून मी वरची मोटर कुठे घासतेय ते सांगतो. जन्मभर त्यावरच पोट भरलं. अशा माणसाने संध्याकाळी घरी येऊन खुर्चीत टेकावं आणि कोपऱ्यातून ही घरघर सुरू. तुझ्या आईला म्हटलं, तू तर त्याच्या शेजारी बसतेस, तुला ही भुणभुण सहन कशी होते? बऱ्याच वेळाने म्हणाली, "कसली भुणभुण?" हा टोमणा होता, दुसरं काय. तू गेल्यापासून ती माझ्याशी असंच बोलते. पाठमोरी बसते, आधी उत्तरच देत नाही, आणि देते तेव्हा असं तोलूनमापून देते की जणू मी सरकारी चौकशीला आलोय.

तेव्हा नाइलाजाने, आणि तुझ्या वस्तूला हात लावणार नाही असं म्हणालो होतो ते बाजूला ठेवून, मी तो उघडून बघितला. म्हणजे स्क्रीनवरच. मशीन किती काम करतंय ते दाखवणारं एक पान असतं, ते आमच्या ऑफिसातल्या टायपिस्टबाईंनी मला शिकवलं. आणि मी हादरलोच. डब्यावर तुझ्या हातची चिठ्ठी चिकटवलेली आहे: ड्युअल कोर, २.४ गिगाहर्ट्झ. दोन कोर म्हणजे दोन इंजिनं. प्रत्येकाचे २.४, मिळून ४.८. हे शेंबडं पोरही सांगेल. आणि स्क्रीनवर वेग किती? २.४! म्हणजे अर्धा वेग गेला कुठे? तुला दुकानदाराने फसवलं, की माझ्या घरातून कुणी काढून नेला? बाहेरून तर सगळे स्क्रू जागच्या जागी दिसतात.

काय ते कळव. घाई नाही. पण पंखा डोकं उठवतो.

ता. क. : तुझ्या पार्सलातून आलेलं ते काळं जाळीदार बोंड अजून माझ्या खुर्चीशेजारच्या कपाटावर आहे. डास पळवायचं यंत्र आहे म्हणे. डास मजेत आहेत.

— लिफ्टवाला


१९ फेब्रुवारी

मालकीणबाई,

तुझं उत्तर पोचलं. दोन वर्षांनी चार ओळी! "दोन कोरच्या वेगाची बेरीज करायची नसते. दोन्ही २.४नेच चालतात. कॉम्प्युटर बंद करू नका, सेटिंगला अजिबात हात लावू नका. तब्येत सांभाळा." शेवटचं वाक्य तर विमा कंपनीसुद्धा लिहिते.

बेरीज का करायची नाही ते तू सांगितलं नाहीस, मी माझं शोधलं. एका इमारतीत दोन लिफ्ट असल्या म्हणून मी दहाव्या मजल्यावर अर्ध्या वेळात पोचत नाही. मी बसणार एकीतच, आणि ती तिच्याच वेगाने जाणार. फक्त मी वर जात असताना दुसरीतून दुसरा कुणी जाऊ शकतो, त्याला माझ्यासाठी खोळंबायला लागत नाही. बरोबर ना? हे कळल्यावर मी तुझ्या आईला मोठ्या हौसेने सांगायला गेलो. ती माझ्या तोंडाकडे असं टक लावून बघत राहिली की मला वाटलं दातात काही अडकलंय. मग म्हणाली, "हो, तिसऱ्या मजल्यावरच्यांना सांगते." मी निमूट परत खुर्चीत येऊन बसलो.

पण बिघाड काही नाही असा तुझ्या चार ओळींचा अर्थ, तो मला पटलेला नाही. मी दुरुस्तीच्या दुकानात गेलो. तिथल्या माणसाने तसलंच जुनं मशीन माझ्यासमोर लावलं. त्याच्याकडे काही काम नव्हतं तर वेग हळूहळू उतरत ०.८ वर येऊन निवांत बसला. त्याने एक व्हिडिओ लावला की झपकन वर. मला ते आवडलं. शहाणी लिफ्टसुद्धा रिकामी असली की दिवे मंद करून तळाला थांबते. म्हणजे वेग कमीजास्त होतो तो कामाप्रमाणे, आणि चिठ्ठीवरचा आकडा म्हणजे नुसती ताकद.

आता आपलं ऐक. तुझी आई बाजारात गेली होती. मी सगळ्या खिडक्या बंद केल्या, स्क्रीनवरच्याही. कशालाही हात न लावता समोर बसलो. वेग उतरलाच नाही. २.४ म्हणजे २.४. एका कोरचा आलेख तर थेट छताला टेकलेला. मी "च्यायला, ही काय भानगड!" म्हणालो, तर दुसऱ्यानेही उडी मारली. घरात कुणी नाही, मशीनला काम नाही, आणि एक लिफ्ट बंद दारांनी सारखी वरखाली पळतेय. आत कोण आहे? कामांच्या यादीत एक इंग्रजी अक्षरं-आकड्यांचं विचित्र नाव सगळ्यात वर होतं. दुकानदार म्हणाला, बाहेरचं काहीतरी शिरलं असेल.

तेव्हा आमच्या धंद्यात जे करतात ते मी केलं. दोन लिफ्टच्या इमारतीत बिघाड कुठला ते कळेना, तर एक बंद ठेवायची आणि दुसरीकडे लक्ष द्यायचं. कॉम्प्युटर सुरू होताना किती कोर वापरायचे हे विचारणारी एक जागा असते, तिथे मी एक असं लिहून टाकलं. तू हात लावू नका म्हणालीस, म्हणूनच थोडा जास्त लावला. माझ्या घरात काय बंद आणि काय चालू हे तिकडे बसून तू ठरवायचं नाही.

तसं तू पूर्वीही ठरवलं होतंस. आईला काही महिने माझ्याकडे नेते, म्हणालीस. का, ते विचारलं तर माय-लेकी दोघी मूग गिळून गप्प. मांडलेल्या संसारातून बाईला उचलून नेणार आणि नवऱ्याला कारणही सांगणार नाही. मग मी जे बोललो ते बोललो. तू गेलीस. ती गेली नाही. पण राहिली असंही म्हणवत नाही.

— लिफ्टवाला


२ मार्च

तुला काय म्हणून लिहू तेच आज कळत नाही.

पंख्याचा आवाज थोडा उतरला. एक कोर बंद केल्याचा एवढाच उपयोग. घरात मात्र काहीतरी पार बिनसलंय. तुझी आई दिवसभर त्या मशीनसमोर बसून माउस आपटते. विचारलं तर "अडकतंय सारखं" एवढंच. आधी उशिरा का होईना उत्तर द्यायची, आता तेही बंद. चहा मागितला तर खिडकी लावली. दूध उतू जाऊन गॅस विझला, मी बाहेरून ओरडतोय, आणि ही शेजारच्या खोलीत चादरींच्या घड्या घालतेय. रागाचीसुद्धा काही हद्द असते.

पाळणाघरातलं काम तिने तू गेलीस तेव्हाच सोडलं होतं. पोरांचा कंटाळा आला म्हणाली. जी बाई दुसऱ्याच्या रडणाऱ्या पोराला घेऊन रस्ताभर फिरायची, तिला पोरांचा कंटाळा! मी तेव्हाच समजलो की तुझ्या जाण्याचा राग ती सगळ्या जगावर काढतेय, आणि जगात सगळ्यात जवळ मी सापडतो.

काल संध्याकाळी मी ठरवलं की आता पुरे. ती मशीनसमोर पाठमोरी बसली होती. मी माझ्या खुर्चीत. पेपर बाजूला ठेवला. आणि म्हणालो, "पोरीला बोलावून घे. चूक कुणाची ते नंतर बघू. मला तिच्याशिवाय करमत नाही."

दोन वर्षं हे वाक्य माझ्या घशात अडकलं होतं.

ती हललीसुद्धा नाही. मान नाही, खांदा नाही. मी वाट बघितली. रस्त्यावरून एक गाडी गेली, वरच्यांचं दार वाजलं, ते सगळं मला ऐकू येत होतं. मग ती उठली, माझ्याकडे बघून हसली, आणि म्हणाली, "दिवा लावू का? पेपर दिसत नसेल."

मला कुणी तोंडात मारली असती तरी इतका धक्का बसला नसता. मी दिवा लाव म्हणालो. तिने लावला. मी पेपर वाचला. काय वाचलं ते विचारू नकोस.

तेव्हा तुला हे मीच कळवतोय, कारण तिच्याकडून ते तुला कळणार नाही. मी बोललो होतो. तिने ऐकून सोडून दिलं. यापुढे या घरात काय बोलायचं आणि कशाला, ते मला माहीत नाही.

— बाबा


१४ मार्च

ठके,

तुझं पत्र आलं. तेही दोन ओळींचं. "बाबा, तुमचं वाक्य आईपर्यंत पोचलंच नाही. दुसरा कोर चालू करा. मला आणखी काही सांगता येत नाही, मी आईला शब्द दिलाय." वाचलं आणि माझं टाळकंच सरकलं. माझ्या वाक्याचा आणि कोरचा संबंध काय? मी काळीज उघडून दाखवलं आणि ही मला सेटिंग सांगतेय! पत्र चुरगळून फेकलं. मग उचलून इस्त्री केल्यासारखं सरळ केलं. मग जाऊन दुसरा कोर चालू केला. तुझ्यावर रागावूनच केला, पण केला.

तुझी आई घरी नव्हती. मशीन पुन्हा सुरू झालं, पंखा पुन्हा घोंघावायला लागला. मी तिच्या खुर्चीच्या मागे उभा राहून मोठ्याने म्हणालो, "झालं समाधान, ठके?"

स्क्रीनच्या तळाला एक पट्टी चमकली. मी ती दाबली. एक पांढरं पान उघडलं, आणि त्यावर हाताच्या बोटाएवढ्या अक्षरांत लिहिलेलं होतं: झालं समाधान ठके.

माझी बोबडी वळली. खरंच सांगतो, मी मागे वळून बघितलं. खोलीत कुणी नव्हतं. म्हणालो, "कोण आहे?" थोडा वेळ काही नाही, पंख्याने सूर चढवला, आणि अक्षरं आली: कोण आहे. मी मटकन स्टुलावर बसलो. तोंडातून आपसूक शब्द निघाला तो तुला लिहीत नाही, पण मशीनने तो बिनचूक लिहिला.

मग माझ्यातला मेकॅनिक जागा झाला. आवाज कुठून जातोय ते शोधलं. कपाटावरचं डास पळवायचं यंत्र मुठीत धरून बोललो, तर पान कोरं. मूठ सोडून बोललो, तर अक्षरं. त्याची वायर कपाटामागून खाली, भिंतीच्या कडेने, थेट मशीनपर्यंत. माझ्या खुर्चीच्या हाताइतकं जवळ, आणि मी त्याला डासांचा हिशोब विचारत होतो.

पहिला विचार तुझ्याबद्दल आला, आणि तो चांगला नव्हता. मला वाटलं तू तिकडे बसून माझं बोलणं चोरून ऐकतेस. वायर उपटायला हातही घातला होता. पण अक्षरं एवढी मोठी कशाला? तू काही आंधळी नाहीस. मग कीबोर्डवर तिचा चष्मा दिसला. मी तिच्या खुर्चीत बसलो. ती खुर्ची सरळ नसते, जरा तिरकी असते, मी कितीदा सरळ केली आणि तिने पुन्हा तिरकी केली. तिथून माझी खुर्ची पाठीमागे राहते आणि ते पान नेमकं डोळ्यांसमोर येतं. मी पाठीमागून बोलायचं, आणि तिने समोर वाचायचं.



उशिरा येणारी उत्तरं. मी त्याला राग म्हणत होतो. ते बिचारं मशीन धापा टाकत माझे शब्द लिहीत होतं, एक कोर ऐकायला आणि दुसरा लिहायला, आणि तिकडे ती वाट बघत होती. आणि मी त्यातला एक बंद केला! ऐकणारा ठेवला आणि लिहिणाऱ्याला खोळंबून ठेवलं. जे वाक्य दोन वर्षं बोललो नाही ते बरोबर त्याच दिवसांत बोललो.

तरी मनाला वाटत होतं, नाही, असं नसेल. थोडं कमी येत असेल ऐकू, वय झालं. तेवढ्यात ती आली. माझ्याकडे पाठ करून दारात चपला काढत होती. मी माझ्या पिशवीतला मोठा पाना हातात घेतला आणि फरशीवर सोडून दिला. फरशीचा टवका उडाला. खालच्या मजल्यावरून कुणीतरी "काय पडलं हो?" म्हणून ओरडलं.

तुझी आई चपला काढत राहिली. दोन्ही नीट जोडून ठेवल्या. मग वळली, मला बघून दचकली, पान्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तो तिथे का ठेवलाय? पायात येईल."

मला रडू आलं. जो माणूस सात मजल्यांवरची मोटर ऐकतो, त्याला स्वतःच्या घरात काय चाललंय ते ऐकू आलं नाही. पाना उचलून पिशवीत ठेवला.

— बाबा


१७ मार्च

ठके,

काल बोललो. नेहमीसारखंच. ती तिच्या जागी, मी माझ्या. तिचं पान उघडं आहे हे मला आता बसल्या जागेवरून कळतं, पंख्याच्या सुरावरून. गंमत बघ, ज्या आवाजावर मी चिडत होतो तोच आता मी कान देऊन ऐकतो. तो चढला की माझं बोलणं तिकडे निघालंय असं समजायचं.

तेच वाक्य म्हणालो. या वेळी एकेक शब्द सुटा करून, त्या बोंडाकडे तोंड करून. "पोरीला बोलावून घे. मला तिच्याशिवाय करमत नाही." मग थांबलो. लिफ्टची वाट बघणाऱ्या लोकांना मी जन्मभर हसत आलो, बटण दाबून पुन्हा पुन्हा दाबतात म्हणून. मला पुन्हा पुन्हा म्हणावंसं वाटत होतं. म्हटलं नाही. पंखा चढला, घोंघावला, आणि उतरला.

तिची मान खाली गेली. मग खांदे हलायला लागले. पण वळली नाही. मला कळलं की तिला वाटतंय, वळलो तर ह्यांना आपण वाचतो हे कळेल. तेव्हा मी आणखी एक वाक्य म्हणालो. "आणि पाना पडला होता, ठेवला नव्हता."

ते अक्षरांत उमटायला किती वेळ लागला म्हणून सांगू. मग ती वळली.

मी उठून तिच्यासमोर गेलो, गुडघे दुखतात तरी खाली बसलो, म्हणजे माझं तोंड तिला नीट दिसावं. विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

ती म्हणाली, "तुमचा कान असा. तुम्हाला कसं सांगणार?"



मग तिने सगळं सांगितलं. पोरांचं रडणं ऐकू येईना म्हणून पाळणाघर सोडलं. तू तिला तिकडच्या कानाच्या डॉक्टरांकडे नेणार होतीस, आणि तिने तुझ्याकडून वचन घेतलं होतं की बाबांना सांगायचं नाही. तू घरातून जायला निघालीस तेव्हाही तू ते पाळलंस. मी तुला दाराबाहेर काढत होतो, आणि एका वाक्यात तू मला गप्प करू शकली असतीस. केलं नाहीस. हे कळल्यापासून मी तुझ्या खोलीच्या दारातून दोनदा आत गेलो आणि बाहेर आलो, कशाला ते मला माहीत नाही.

तिच्या कानाला अजून उपाय असेल की नसेल, ते डॉक्टर बघतील. वेळ घेऊन ठेव. या वेळी ती एकटी येणार नाही, मीही येणार. पण आधी तू इकडे ये. दार तेच आहे, आणि मी त्यात उभा असेन.

एक काम कर. येताना जरा जास्त वेगाचा कॉम्प्युटर आण. कोर किती ते तू बघ, बेरीज मी करणार नाही. माझं बोलणं तिला उशिरा पोचतं, आणि दोन वर्षांचं बोलायचं राहिलंय.

— बाबा